देवावर भाव ठेवायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

रात्रीची प्रार्थना संपता संपता तोंडातून सरावानं निघतं, "हे परमपित्या, आजच्या दिवसाबद्दल, दिलेल्या आरोग्याबद्दल, घरच्या सगळ्यांबद्दल तुझे आभार मानतो. आमेन." आणि डोळे उघडायच्या आत मन उद्याला जाऊन भिडलेलं असतं. तो फोन येईल का, रिपोर्टमध्ये काय निघेल, मुलाचं पुढे काय होणार. मी कित्येक वर्षं अशीच प्रार्थना केली. आभारही मानत होतो, काळजीही करत होतो, आणि एकाच घरात राहून दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

ती ओळख करून देण्याची खटपट मी गेली काही वर्षं करतो आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीनं लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की "देवावर भाव ठेव" असं मनाला कितीही दटावलं तरी भाव बसत नाही. भाव आठवणीवर बसतो. आणि उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, हे ती आठवण रोज जागी ठेवायचं काम. म्हणून सुरुवात विश्वास वाढवण्यापासून करू नका, आठवण्यापासून करा.

सुरुवात करण्याआधी: ७७वं स्तोत्र

वही-पेन घेण्याआधी एकदा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ७७वं स्तोत्र सावकाश, शक्यतो मोठ्यानं वाचा. वीसच ओव्या आहेत. ते लिहिणाऱ्याला झोप लागत नाहीये, आणि तो देवालाच सांगतो की माझ्या पापण्या तू उघड्या धरून ठेवल्या आहेस. मग एकापाठोपाठ सहा प्रश्न येतात. प्रभू कायमचा टाकून देणार का? पुन्हा कधी प्रसन्न होणारच नाही का? त्याची दया संपली का? त्याचं वचन सरलं का? कृपा करायची तो विसरला का? रागानं त्यानं आपली करुणा आवरून घेतली का?

या सहांपैकी एकाचंही उत्तर स्तोत्रात मिळत नाही. त्याऐवजी मध्येच तो माणूस म्हणतो की मी परमेश्वराची कृत्यं आठवीन. आणि आठवायला लागतो: तांबडा समुद्र, पाण्याचा थरकाप, ढगांचा गडगडाट. यातली गंमत अशी की सुरुवातीला, तिसऱ्या ओवीत, देवाची आठवण झाली की तो कण्हतो असं त्यानंच लिहिलंय. तीच आठवण आधी टोचते आणि पुढे तिच्याच आधारानं तो उभा राहतो. मधल्या ओव्यांत फरक एवढाच पडतो की नुसतं "देव आठवला" इथून तो "देवानं अमुक केलं ते आठवलं" इथवर येतो. म्हणजे तपशिलावर येतो.

हा तपशील हातात धरूनच पुढच्या सगळ्या पायऱ्या चढायच्या आहेत.

पहिली पायरी: उजव्या पानावर तीन ओळी

एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण मोबाइल उघडला की आपण तिथे काय करायला आलो होतो हे दोन मिनिटांत विसरतो, निदान मी तरी विसरतो. वहीच्या उजव्या पानावर तारीख घाला आणि रोज रात्री तीन ओळी लिहा. जास्त नकोत.

नियम एकच: ओळीत वेळ, जागा किंवा माणूस यांपैकी एक तरी गोष्ट असली पाहिजे. "आरोग्याबद्दल आभार" ही ओळ बाद. ती खोटी नसते, पण ती कालही लिहिता आली असती आणि उद्याही येईल, त्यामुळे आठवण म्हणून तिचा उपयोग शून्य. माझ्या वहीतली एक जुनी ओळ जशीच्या तशी देतो:

"मंगळवार. दुपारी अडीच, दवाखान्याचा जिना. माझे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले. ओळख ना पाळख अशा बाईंनी थांबून आईचा हात धरला आणि वरच्या मजल्यापर्यंत सोडला नाही."

त्या दिवशी रिपोर्ट चांगला आला नव्हता. पण आज तो मंगळवार आठवला की रिपोर्टच्या आकड्यांआधी मला त्या बाईंचा आईच्या मनगटाभोवतीचा हात दिसतो. ही ओळ लिहिली नसती तर तो हात माझ्या डोक्यातून त्याच रात्री पुसला गेला असता, याची मला खात्री आहे. वाईट बातमीला लिहून ठेवावं लागत नाही, ती आपोआप राहते. चांगलं मात्र टिपून ठेवलं तरच राहतं. "त्याचे सर्व उपकार विसरू नको" असं १०३वं स्तोत्र सांगतं, आणि कोणाला सांगतं? स्वतःच्या जिवाला. ते ज्याच्या नावावर आहे त्या दावीद राजालाही स्वतःला बजावून सांगावं लागलं.

पहिले चार-पाच दिवस भराभर सुचतं. मग एक रात्र अशी येते की काहीच आठवत नाही. वही खऱ्या अर्थानं त्या रात्री सुरू होते. तेव्हा सकाळपासूनचा दिवस तासातासानं मागे नेऊन पाहा. पहिल्यांदा कोणाशी बोललात? कशाची भीती होती आणि ती गोष्ट घडलीच नाही, असं काही झालं का? कोणी वाट सोडली, कोणी फोन उचलला, कोणी तुमची चूक बघूनही गप्प राहिलं? न घडलेल्या वाईटाची नोंद आपण सहसा करत नाही. ती करायला लागा, तीन ओळी सहज भरतात.

(लिहून ठेवण्याचा फायदा मानसशास्त्रालाही दिसलेला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणारा गट हा कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळला. चांगलंच आहे. पण आपल्या वहीत एक गोष्ट निराळी आहे: इथे आभार कोणाचे तरी आहेत. ओळ लिहून झाली की ती देवाला उद्देशून एकदा वाचायची. नाहीतर ती नुसती चांगल्या घटनांची यादी होते.)

दुसरी पायरी: डाव्या पानावर चिंता

उजवं पान आठवडाभर जमलं की डावं पान उघडा. इथे चिंता लिहायची. उपकारस्तुतीच्या वहीत चिंता कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (४:६) येशूचा प्रेषित पौल दोन्ही एकाच वाक्यात बसवतो: कशाचीही चिंता करू नका, तर प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा. मागणी दाबून टाकून आभार माना असं तो म्हणत नाही. आणि हे तो बंदिवासातून लिहितो आहे हे विसरून चालणार नाही.

येशूचा शिष्य पेत्र याच्याही पुढे जाऊन सांगतो की आपली सारी चिंता त्याच्यावर टाका (१ पेत्र ५:७). इथे "टाका" साठी जे ग्रीक क्रियापद आहे ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं, लूक १९:३५ मध्ये. येशू यरुशलेमेत निघालाय आणि शिष्य आपली वस्त्रं त्याच्या बसण्यासाठी गाढवाच्या शिंगरावर टाकतात, तिथे. मला हे कळलं तेव्हापासून चिंता टाकणं म्हणजे काय ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. अंगावरून काढायची, शिंगराच्या पाठीवर टाकायची, आणि शिंगरू चालायला लागलं की तिचं टोक हातात धरून मागे पळायचं नाही.

करायचं असं. डाव्या पानावर तारीख घालून चिंता एका वाक्यात लिहा. वाक्य जितकं थेट तितकं बरं. "भविष्याची काळजी" असं लिहू नका, "या महिन्यात हप्ता भरता येईल का" असं लिहा. त्याखाली दोन ओळी: आज यातलं माझं काम कोणतं, आणि माझ्या हातात नसलेलं कोणतं. समजा उद्या सकाळी तपासणीचा निकाल मिळणार आहे. माझं काम: वेळेवर जाणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आज लिहून ठेवणं, घरात कोणाला आधी सांगायचं ते ठरवणं. माझ्या हातात नसलेलं: निकालात काय आहे ते. पहिल्या ओळीतलं काम उरकून टाका. दुसरी ओळ मोठ्यानं वाचा आणि म्हणा, "प्रभू, हे तुझ्याकडे." वही बंद.

ही विभागणी मला फार मोलाची वाटते. कारण भाव ठेवण्याच्या नावाखाली आपण पुष्कळदा आपलंच काम देवावर ढकलतो आणि देवाचं काम रात्रभर उशाशी घेऊन बसतो. अभ्यास न करता "देव बघून घेईल" म्हणणं हा विश्वास नव्हे, आणि पेपर देऊन आल्यावर निकालापर्यंत झोप उडवून घेणं ही जबाबदारी नव्हे.

पहाटे तीनला चिंता परत येईलच. ती आली म्हणून विश्वास कमी पडला असं समजू नका. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं तीच प्रार्थना त्याच शब्दांत तीनदा केली असं मत्तय नोंदवतो (२६:४४). एकदा सोपवून त्यालाही उठता आलं नाही, तर तुम्हा-आम्हाला पुन्हा पुन्हा सोपवावं लागलं यात लाज कसली? अंधारात वही शोधायला उठू नका. "लिहून ठेवलंय" एवढंच स्वतःशी म्हणा. ५६व्या स्तोत्रातली तिसरी ओवी पाठ असेल तर उत्तम. भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन, असा तिचा आशय आहे. भीती वाटणार हे त्यात गृहीतच धरलेलं आहे.

मान्नाचं माप

इथे जरा थांबून बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय बघू, कारण पुढच्या सगळ्याचं माप त्यात आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं पुरवलेलं अन्न, मिळतो तो माणशी एक ओमर (हे एक माप), रोजच्या रोज. कोणी जास्त गोळा केला, कोणी कमी, पण मापून पाहिलं तर प्रत्येकाला पुरेल तेवढाच. त्यांचा पुढारी मोशे यानं सांगूनही काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, तो मात्र खराब होत नसे. चाळीस वर्षं असं चाललं.

पण त्याच अध्यायाच्या शेवटी देव मोशेला एक ओमर मान्ना पात्रात घालून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगतो. मी तुम्हाला रानात काय खाऊ घातलं हे त्यांनी पाहावं म्हणून. आता गंमत बघा. साठवणीसाठी ठेवलेला मान्ना एका रात्रीत किडला, आणि आठवणीसाठी ठेवायला सांगितलेला मात्र पिढ्यान्‌पिढ्यांसाठी होता.

आपण नेमकं उलट करतो. उद्याचा, परवाचा, दहा वर्षांनंतरचा धीर आजच साठवायला बघतो. "उद्या असं झालं तर मला सहन होईल का?" नाही होणार, कारण उद्याचा ओमर अजून पडलेलाच नाही. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची. त्यामुळे डाव्या पानावर जर पाच वर्षांनंतरची चिंता उतरली तर ती आजच्या कामापर्यंत कापून आणा. आज करण्यासारखं त्यात काही नसेल तर "आज काम नाही" असं लिहा आणि पुढे चला. हे लिहिताना सुरुवातीला हात थरथरतो. सवय होते.

तिसरी पायरी: रात्रीची दहा मिनिटं

सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संतानं दिवसाची उजळणी करण्याची एक रीत घालून दिली, ती अजूनही जगभर चालते. तिचे पाच टप्पे आहेत: देवाचे आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाचं परीक्षण, क्षमेची याचना आणि उद्यासाठी निश्चय. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. पाप तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर येतं, आभार पहिल्या. आपल्यापैकी पुष्कळांची रात्रीची प्रार्थना थेट "आज माझं काय चुकलं" इथूनच सुरू होते, आणि मग आभार मानायला ताकद उरत नाही.

तुम्ही कोणत्याही मंडळीचे (चर्चचे) असा, ही रीत वापरायला हरकत नसावी. उजव्या पानाच्या तीन ओळी हाच पहिला टप्पा धरा. बाकीचे चार प्रत्येकी मिनिटभरात होतात. झोप येत असेल तर पहिलाच करा आणि झोपा.

चौथी पायरी: ज्या दिवशी आभार मानवत नाहीत

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच भल्या हेतूनं पुष्कळ दुखापत केली जाते.

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन (५:१८) आपल्याला तोंडपाठ असतं. त्यातला "स्थितीत" हा शब्द नीट धरा. स्थिती कशीही असो, तिच्यात असताना उपकारस्तुती करा असा त्याचा अर्थ. मूल गेलं त्याबद्दल आभार मान, असं पौल त्या आईला सांगत नाहीये. इफिसकरांस पत्रात (५:२०) तोच पौल सर्व गोष्टींबद्दल आभार मानायला सांगतो हे मला माहीत आहे, आणि त्या वाक्याशी मी अजून झगडतो. पण तोच पौल रोमकरांस पत्रात (१२:१५) रडणाऱ्यांबरोबर रडा असंही म्हणतो. आणि मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. पुढे त्याच कबरेपुढे उभं राहून त्यानं पित्याचे आभार मानले, लाजर बाहेर येण्याआधी. आसवं आणि उपकारस्तुती एकाच प्रसंगात आली, आणि कोणी कोणाला थोपवलं नाही.

तेव्हा वाईट दिवशी करायचं ते असं. उजवं पान कोरं ठेवा. तारीख घाला, बाकी काही नको. डाव्या पानावर विलाप लिहा. नमुना हवा असेल तर १३वं स्तोत्र घ्या, सहाच ओव्या आहेत. "कोठवर" हा प्रश्न त्यात चारदा येतो. मग मागणी येते: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. मग भाव: मी तर तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे. तक्रार, मागणी, भाव, या क्रमानं प्रत्येकी एक-दोन ओळी लिहा. तिसऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर पहिल्यावर थांबा. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते कोणी काढून टाकलेलं नाही.

माझी एक नोकरी अचानक गेली त्या आठवड्यात एका भल्या माणसानं मला गाठून सांगितलं, "याबद्दल देवाचे आभार माना, यातही त्याची योजना आहे." ते खरं असेलही. पण त्यांचं वाक्य संपायच्या आत माझ्या मनाचं दार लागलं होतं. त्याच आठवड्यात दुसरे एक जण घरी आले, अर्धा तास जवळजवळ न बोलता बसले, आणि निघताना म्हणाले, "अर्जाचे लिफाफे घालायला मी येईन तुमच्याबरोबर." उजवं पान तब्बल आठ दिवस कोरं होतं. नवव्या दिवशी त्यावर पहिली ओळ उतरली ती त्यांचीच.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. आठवडेच्या आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच रस उरला नसेल तर वहीच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांकडे जा. गोळी घेतल्यानं विश्वास कमी होत नाही, तोही उजव्या पानावर लिहिण्याजोगा उपकार आहे. आणि घरात मारहाण, छळ सहन करणाऱ्या व्यक्तीला "आहे त्यात समाधान मान" असं देवाच्या नावानं सांगणं हे पाप आहे. तिनं आधी सुरक्षित जागी पोचायचं. उपकारस्तुती तिथे पोचल्यावर होईल.

आभाराच्या पोटातला अहंकार

लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात दोघे जण प्रार्थनेला जातात. त्यांच्यातला आभार कोण मानतो, आठवतंय? परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा. "हे देवा, मी तुझे आभार मानतो की इतर माणसांसारखा मी नाही." दुसरा जकातदार, लोकांच्या लेखी पापी. त्याच्या तोंडी आभाराचा एक शब्द नाही. तो ऊर बडवून दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो.

ही गोष्ट मला दरवेळी अस्वस्थ करते. कारण आपली बरीचशी कृतज्ञता तुलनेवर उभी असते. "त्यांच्याकडे बघा, आपलं किती बरं आहे." मुलांना तर हे आपण शिकवतोच. दुसऱ्याच्या दुःखाची उंची मोजून आपल्या सुखाचं माप काढायचं, हे परूश्याचंच गणित. त्यात आणखी एक व्यावहारिक अडचण आहे: आपल्यापेक्षा सुखी माणूस दिसला की ही कृतज्ञता जागच्या जागी कोसळते.

म्हणून महिन्यातून एकदा उजवी पानं चाळा आणि ज्या ओळीत "इतरांपेक्षा", "निदान आपल्याला तरी", "त्यांच्यासारखं नाही" असं काही आलंय ती खोडा. माझ्या पहिल्या महिन्यात मी अशा सात ओळी खोडल्या.

पाचवी पायरी: माणसांपर्यंत पोचवा

येशूच्या शब्दानं दहा कुष्ठरोगी बरे झाले, आणि आभार मानायला परत आला तो एक, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीच्या नऊ जणांना आनंद झाला नसेल असं थोडंच आहे? पण ते मागे फिरले नाहीत. मनातल्या मनात आभारी असणं आणि मागे फिरून सांगणं यात फरक आहे, आणि येशूनं तो फरक बोलून दाखवला.

लेवीय पुस्तकात (७:१५) उपकारस्तुतीच्या यज्ञाबद्दल एक बारीकसा नियम आहे: त्याचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. एका कुटुंबाला एका दिवसात एवढं संपणार कसं? मला तरी वाटतं, चार माणसं बोलावल्याशिवाय हा नियम पाळताच आला नसता. आभार शिळे ठेवायचे नाहीत आणि एकट्यानं खायचे नाहीत, असं त्यातून मी घेतो.

पौलाची पत्रं उघडा. रोम, करिंथ, फिलिप्पै, कलस्सै, थेस्सलनीका, सगळीकडे सुरुवातीलाच त्या लोकांबद्दल देवाचे आभार आहेत. करिंथच्या मंडळीला तर पहिल्या पत्रात पुढे पानंच्या पानं खडसावायचं होतं, तरी आधी आभार. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो वीसहून अधिक जणांना नावानिशी सलाम पाठवतो, आणि कित्येकांच्या पुढे त्यांनी काय केलं तेही लिहितो: प्रिस्क व अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान पुढे केली, रूफाची आई मलाही आईसारखीच आहे.

तुम्ही आठवड्यातून एकदा हेच करा. उजव्या पानावरचं एक नाव निवडा आणि त्या माणसाला चार वाक्यांचा निरोप पाठवा. "धन्यवाद, देव तुमचं भलं करो" एवढंच नको. त्यानं काय केलं, केव्हा केलं, त्यानं तुमचं काय झालं, हे तीन तपशील घाला. समोरच्याला ती गोष्ट बहुधा आठवतही नसते. घरातल्या माणसांना तर जरूर सांगा, कारण त्यांचे आभार मानायचे असतात हेच आपण विसरतो. पाहुण्याला आपण म्हणतो, आणि रोज रात्री दार लावलंय का ते बघून येणाऱ्याला कधीच नाही.

मुलं असतील तर झोपताना प्रत्येकानं आजची एक गोष्ट सांगायची, बस. सुधारायला जाऊ नका. आमच्याकडे एकदा उत्तर आलं, "आज ताई घरी नव्हती, त्याबद्दल." ताईसकट सगळे हसलो, आणि देवानंही ते ऐकून घेतलं असावं.

अडखळलात तर

अडखळाल हे नक्की. चार दिवस सुटले तर ते भरून काढू नका. कालचा मान्ना आज वेचायला जायचं नाही. आजची तारीख घाला आणि एक ओळ लिहा.

वही म्हणजे देवाशी सौदा होऊ लागली की सावध व्हा. "इतके दिवस नेमानं आभार मानले, आता तरी…" असं मनात आलं तर तेच वाक्य डाव्या पानावर प्रामाणिकपणे लिहा. देवाला ते ठाऊकच असतं, तुम्हाला ते दिसणं गरजेचं आहे. राजाच्या मूर्तीपुढे वाकायला नकार दिलेले शद्रख, मेशख व अबेद्‌नगो भट्टीपुढे उभे राहून राजाला काय म्हणाले ते आठवा: आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं न सोडवलं तरीही आम्ही तुमच्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हे "तरीही" विकत घेता येत नाही.

आणि कधी कधी सगळं कोरडं पडतं. ओळी लिहिल्या जातात, पण आत काही हलत नाही. अशा दिवसांत १३६वं स्तोत्र कामाला येतं. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तेच ध्रुपद, त्याची दया सनातन आहे. तुमच्या तीन ओळींमागे तेच ध्रुपद लावून वाचा. "सकाळी गाडी वेळेवर मिळाली, कारण त्याची दया सनातन आहे." पहिल्यांदा हसू येईल. येऊ द्या.

सहावी पायरी: मागे वळून वाचणं

तीन महिने झाले की एखाद्या निवांत दुपारी वही पहिल्या पानापासून वाचा. इस्राएलचा संदेष्टा शमुवेल यानं शत्रू असलेल्या पलिष्ट्यांवरच्या विजयानंतर एक धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर म्हटलं, येथवर परमेश्वरानं आपल्याला साहाय्य केलं म्हणून. त्यातल्या "येथवर" या शब्दात पुढच्या वाटेबद्दल एक अक्षर नाही. तुमचंही वाचन येथवरच राहू द्या.

डाव्या पानावरच्या प्रत्येक चिंतेपुढे आजची तारीख घालून तिचं काय झालं ते लिहा. माझ्या अनुभवात तीन प्रकार निघतात. काही चिंता घडल्याच नाहीत, त्यांची संख्या बघून माणूस ओशाळतो. काही घडल्या, पण ज्या रीतीनं निभावल्या गेल्या ती रीत त्या रात्री आपल्याला सुचलीही नसती. अशा ठिकाणी समोरच्या उजव्या पानावर कोणाचं नाव आहे ते बघा, बरेचदा दुवा तिथेच सापडतो. आणि काहींपुढे लिहिण्यासारखं अजून काहीच नसतं.

त्या तिसऱ्या प्रकारात ओढूनताणून उत्तर भरू नका. पौलानं शरीरातला काटा काढायची विनंती तीनदा केली आणि काटा राहिलाच, त्याला मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं वाक्य. ७७व्या स्तोत्रातही शेवटाकडे ओवी येते की तुझा मार्ग समुद्रातून गेला, पण तुझ्या पावलांचे ठसे दिसले नाहीत. वाट मिळाली, ठसे नाही मिळाले.

माझ्या वहीत चौथ्या डाव्या पानावर एक चिंता आहे. तिच्यापुढे आता एकाखाली एक अशा अकरा तारखा झाल्या आहेत, प्रत्येकीपुढे जागा कोरी. गेल्या खेपेला अकरावी घालताना समोरचं उजवं पान वाचलं. त्यावर त्या दिवशीची एकच ओळ होती, आणि ती मी साफ विसरलो होतो: "रात्री साडेअकरा. हिनं न विचारता दिवा मालवला आणि उशाशी पाणी ठेवलं." मी वही तशीच उघडी घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि तिला ती ओळ वाचून दाखवली.